कार्ब्युरेटरची मारुती ८०० अधूनमधून स्टार्ट होत नाही: बॅटरी बदलण्याआधी काय काय तपासायचं

हे टिपण ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० बद्दल आहे. कार्ब्युरेटरच्या ओम्नीतही हेच इंजिन असल्यामुळे तिलाही बहुतेक सगळं लागू पडतं, फक्त तिथे पुढच्या सीट उचलून काम करावं लागतं. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीला यातला बॅटरी आणि सेल्फचा (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचा) भाग चालेल. ठिणगीचा भाग तिच्यावर वापरू नका.

तक्रार ठरलेली असते. सकाळी गाडी लागत नाही. शेजाऱ्यांना गोळा करून धक्का मारला की लागते. दोन दिवस सगळं ठीक, मग पुन्हा तेच. मालक वैतागून नवी बॅटरी टाकतो, महिना-दोन महिने बरे जातात आणि परत पहिल्यासारखं. नव्या बॅटरीने मधले दिवस बरे का गेले? बॅटरी बदलताना टर्मिनल निघाले, घासले गेले, पुन्हा आवळले गेले म्हणून. दुरुस्ती झाली ती एवढीच, आणि तीही अर्धवट. या गाड्यांत भाग जळण्यापेक्षा जोड सैल होण्याचं, गंजण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. म्हणून खालचा क्रम जोडांपासून सुरू होतो. सेल्फ उतरवण्याची वेळ आलीच तर ती शेवटी.

आधी लक्षण नीट ओळखा

"गाडी लागत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. चावी फिरवताना एकजण आत बसवा आणि दुसऱ्याने बोनेट उघडून कान द्या.

– चावी ऑन केली तरी मीटरमधले ऑइल-बॅटरीचे लाल दिवेच लागत नाहीत: टर्मिनल निसटलेला, बॅटरीजवळची फ्युजिबल लिंक (मुख्य वायरीतला जाड फ्यूज) उडालेली किंवा चावीचा स्विच गेलेला.
– दिवे लागतात, पण चावी पुढे नेली की मंद होतात आणि टिकटिकटिक असा भराभर आवाज येतो: बॅटरी उतरलेली किंवा जाड वायरींचा जोड कच्चा.
– एकच दणदणीत "टक्" आणि पुढे शांतता: सोलेनॉइड (सेल्फवरचा, मोटरला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढला गेला, पण मोटर फिरली नाही.
– दिवे ठणठणीत, आवाज मात्र अजिबात नाही: सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर, तिचा लग (टोकाचा धातूचा जोड) किंवा चावीचा स्विच.
– मोटर सुसाट घरघरते, इंजिन जागचं हलत नाही: बेंडिक्स (इंजिनला फिरवणारा सेल्फचा दातेरी गिअर) घसरतो किंवा फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) रिंगचे दाते झिजलेत.
– इंजिन जोमात फिरतं, पण पकडत नाही: ठिणगी किंवा पेट्रोल.
– सेल्फ मारताना पकडतं आणि चावी सोडताक्षणी बंद पडतं: हे लक्षण फार मोलाचं आहे, त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.
– थंड असताना एका फटक्यात लागते, घाटातून तापून आल्यावर पेट्रोलपंपावर थांबलात की सेल्फ जड फिरतो: सेल्फचे बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या वळ्या), कार्बन (मोटरला करंट देणारे ब्रश) किंवा अर्थिंग (करंटचा परतीचा जोड).

सेल्फ फिरतो की नाही, यावरच सगळी फाटाफूट आहे. न फिरणाऱ्या सेल्फसाठी प्लग साफ करत बसणं आणि नीट फिरणाऱ्या सेल्फसाठी बॅटरी बदलणं, दोन्ही सारखंच वाया.

काय लागेल

१० नंबरचा पाना, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प घरीच होतो: १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकांना क्लिप. घरातला लाइट तपासायचा निऑनचा टेस्टर इथे चालत नाही, १२ व्होल्टवर तो पेटतच नाही. तो लावून "करंटच नाही" असं ठरवून आख्खं वायरिंग सोलून ठेवलेल्या गाड्या दुरुस्तीला येतात.

सुरुवात करण्याआधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला आणि मध्ये अंगठी आली तर बोट भाजून निघतं. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची आणि जोडताना शेवटी निगेटिव्ह लावायची, म्हणजे पॉझिटिव्हवर काम करताना पाना चुकून कुठे टेकला तरी ठिणगी पडत नाही.

पहिली तपासणी: फुकट, दोन मिनिटांची

गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा आणि चावी सेल्फपर्यंत न्या. भिंतीवरचा उजेड काय करतो ते बघा. चावी नेताच उजेड पार विझला तर बॅटरी किंवा जाड जोड यांत दोष. उजेड जरासाही हलला नाही तर सेल्फकडे करंट गेलेलाच नाही, तेव्हा बारीक वायरीकडे वळा. उजेड बऱ्यापैकी मंद झाला, "टक्" झालं आणि मोटर फिरली नाही तर करंट जातोय पण मोटर अडकलेली आहे.

याच वेळी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हाताने पिळून बघा. हाताने फिरला तो सैल, त्यावर वाद नाही. टर्मिनल हलवल्यावर गाडी लागली तर आनंद मानून निघून जाऊ नका. दोष तिथेच आहे आणि परवा पुन्हा भेटेल.

गाडीला बाहेरून बसवलेली अलार्म-सेंट्रल लॉकची सिस्टिम असेल तर तिचा विचार आत्ताच करा. या स्वस्तातल्या सिस्टिममध्ये सेल्फची किंवा कॉइलची (ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाची) वायर कापून मध्ये रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) घातलेला असतो. रिमोटचा सेल उतरला, रिले चिकटला किंवा टेपने गुंडाळलेला पीळ सुटला की गाडी मुकी होते, आणि मूळ वायरिंगच्या नकाशात तो रिले सापडणार नाही कारण कंपनीने तो बसवलेलाच नाही. डॅशबोर्डखाली हात घालून काळ्या टेपचे गुंडाळे शोधा.

दुसरी: बॅटरी, पण भार टाकून

गाडी काही तास बंद असताना मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२.० च्या खाली गेली की उतरलेली. नुकतीच चालवून आणलेली गाडी खोटा जास्त आकडा दाखवते. दोन मिनिटं हेडलाइट लावून, बंद करून, मग मोजा.

पण नुसता १२.६ आकडा पाहून बॅटरीला प्रमाणपत्र देऊ नका. आतली एखादी प्लेट गेलेली बॅटरी पडून असताना १२.५ दाखवते आणि सेल्फ मारताच ७ वर येते. म्हणून मीटर बॅटरीवरच ठेवून सेल्फ मारा. फिरताना व्होल्टेज ९.६ च्या वर राहिलं पाहिजे. त्याखाली गेलं तर बॅटरी चार्जिंगला टाका, शक्यतो रात्रभर मंद चार्जवर, आणि पुन्हा हीच तपासणी करा. पूर्ण चार्ज होऊनही ९.६ च्या खाली येत असेल तर बॅटरी गेली. पण मोटर अजिबात न फिरता जाम होऊन करंट खात असेल तरी व्होल्टेज असंच पडतं, म्हणून चांगली बॅटरी लावून एकदा खात्री करा.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता दाखवणारी नळी) घ्या. सगळे कप्पे एकसारखे कमी असतील तर ती फक्त उतरलेली आहे. पाच कप्पे बरे आणि एकच पडलेला असेल तर कितीही चार्ज करा, उपयोग नाही. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. आरओचं किंवा नळाचं नको आणि ॲसिड तर अजिबात नको.

दुसऱ्या गाडीवरून जंप देताना लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता तिच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. शेवटचा जोड जुळताना ठिणगी पडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीवर हायड्रोजन असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून लांब पडलेली बरी. बाजारातल्या स्वस्त जंपर केबलमध्ये प्लास्टिक जाड आणि तांबं बारीक असतं. तसल्या केबलवर सेल्फ फिरला नाही म्हणून सेल्फ खराब ठरवू नका.

तिसरी: टर्मिनल आणि अर्थिंग, इथे वेळ घालवा

टर्मिनलवरची पांढरी-हिरवट बुरशी सगळ्यांना दिसते. त्रास देते ती न दिसणारी: बॅटरीचा शिशाचा खांब आणि क्लॅम्पचा आतला गोल भाग यांच्यामधला काळपट थर. वरून चकाचक, आतून जवळजवळ बंद. क्लॅम्प पूर्ण काढा, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने लावा, फेस थांबेपर्यंत धुवा, कोरडं करा आणि खांब व क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासून शिसं चकाकेल असं करा. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा, आधी नाही. सोड्याचं पाणी कप्प्यांत जाता कामा नये. क्लॅम्प आवळूनही सैल राहत असेल तर त्यात पत्र्याची पट्टी ठोकू नका, नवा क्लॅम्प घ्या. तो फार महाग नसतो.

आता निगेटिव्ह वायरीचं दुसरं टोक बघा. तिथवर फारसं कुणी जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला आणि गिअरबॉक्स-इंजिनला अशी अर्थ झालेली असते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं आहे, म्हणजे बॉडीपासून वेगळं. त्यामुळे इंजिनकडे जाणारी अर्थची वायर किंवा विणलेली तांब्याची पट्टी गंजली की सेल्फच्या करंटला परतीचा रस्ता उरत नाही. हेडलाइट मात्र बॉडीवरून अर्थ घेतात, ते झकास लागतात. मग "दिवे तर मस्त आहेत, म्हणजे सेल्फच गेला" असा निष्कर्ष निघतो.

ही पट्टी खराब असल्याची एक अस्सल खूण आहे. करंट मिळेल त्या रस्त्याने परत जायला बघतो आणि तो रस्ता म्हणजे क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल. दोन-तीन वेळा सेल्फ मारून लगेच त्या केबलच्या टोकाला हात लावा. कोमट किंवा गरम लागली, तिचं प्लास्टिक वितळल्यासारखं दिसलं किंवा ॲक्सिलरेटर केबल वरचेवर अडकत असेल, तर बाकी सगळं सोडून अर्थिंग करा. गिअरबॉक्सवरचा बोल्ट काढा, लगच्या दोन्ही बाजू आणि खालचं लोखंड घासून लख्ख करा, बॉडीवरच्या जागेचा रंग खरवडा आणि स्टार वॉशर घालून आवळा. कोकणपट्टीतल्या गाड्यांना पावसाळ्याआधी दरवर्षी हे करायला हरकत नाही, खाऱ्या हवेत हा जोड टिकत नाही.

चौथी: व्होल्टेज ड्रॉप

ही तपासणी आली की अंदाजपंचे काम संपतं. सेल्फ शंभर अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. एवढ्या करंटला एखाद्या जोडात ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. साधा मल्टिमीटर ०.०२ ओहम धड दाखवू शकत नाही. म्हणून वायरीवर ओहम लावून "कंटिन्युइटी आहे, वायर चांगली आहे" म्हणण्याला जाड वायरींच्या बाबतीत काही अर्थ नाही. मोजायचं ते करंट वाहत असताना.

आधी इंजिन लागू नये म्हणून कॉइलच्या पॉझिटिव्हची बारीक वायर काढून टेप लावून ठेवा. मधली जाड एचटी वायर (ठिणगीचं मोठं व्होल्टेज नेणारी) ओढून मोकळी लोंबत ठेवू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत त्याने मॉड्यूल (ठिणगी चालवणारी इलेक्ट्रॉनिक डबी) जाऊ शकतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर. प्रत्येक मापाला दुसऱ्या माणसाने तीन-चार सेकंदच सेल्फ मारायचा.

बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते इंजिनचं उघडं लोखंड: ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. पॉझिटिव्ह खांब ते सोलेनॉइडवरचा जाड बोल्ट: तिथेही ०.३ च्या आतच हवं. सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये: सोलेनॉइड ओढलेला असताना जवळजवळ शून्य. तिथे व्होल्ट-दोन व्होल्ट आले तर आतल्या तांब्याच्या चकतीचे काँटॅक्ट जळलेत. मीटरची सळई बॅटरीच्या खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नाही. मग खांब ते क्लॅम्प असं वेगळं मोजलं तर क्लॅम्पचा दोषही उघडा पडतो.

सगळे आकडे आत आहेत, बॅटरी ९.६ च्या वर आहे आणि तरी सेल्फ जड फिरतो? तेव्हाच सेल्फ उतरवायचा विचार करा.

पाचवी: बारीक वायर आणि चावीचा स्विच

दिवे ठणठणीत, आवाज शून्य, त्यांच्यासाठी ही पायरी. सोलेनॉइडवर दोन जाड बोल्टांशिवाय एक चपटा लग असतो. त्यावरची वायर काढून टेस्ट लॅम्प लावा, दुसरी क्लिप इंजिनला. सेल्फ मारताना बल्ब पूर्ण उजळला पाहिजे. न पेटल्यास दोष मागे आहे: चावीचा स्विच, त्यामागचा कनेक्टर किंवा मघाचा अलार्मचा रिले.

बल्ब पेटतो पण सोलेनॉइड मुका, असं असेल तर वायर लगला परत लावून तिथलं व्होल्टेज मोजा. बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही, सोलेनॉइडला ओढून घेताना दहा-वीस अँपिअर लागतात. जुन्या स्विचचे काँटॅक्ट झिजले, कनेक्टर काळा पडला की बल्ब पेटेल एवढा करंट जातो, सोलेनॉइड ओढेल एवढा नाही. लगवर सेल्फ मारताना ८-९ व्होल्टच मिळत असतील तर "पाचव्या वेळी लागते, दहा वेळा चावी मारावी लागते" ही तक्रार इथूनच आहे.

यावर टिकाऊ इलाज म्हणजे सेल्फसाठी रिले. चार पिनचा १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचा रिले घ्या. चावीकडून येणारी जुनी वायर ८६ वर, ८५ बॉडीला, ३० वर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून आणलेली ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि ८७ वरून सोलेनॉइडच्या लगला. आता चावीच्या स्विचमधून फक्त रिलेची कॉइल चालेल एवढा, म्हणजे पाव अँपिअरच्या आतबाहेरचा करंट जातो आणि स्विचही वाचतो. जोड पिळून टेप लावू नका, लग क्रिम्प करा, म्हणजे वायरीवर दाबून बसवा.

सहावी: सेल्फ स्वतः

एकच "टक्" होऊन मोटर न फिरणं यात बहुतेक वेळा कार्बन ब्रश संपलेले असतात किंवा सोलेनॉइडचे काँटॅक्ट जळलेले. "टक्" झालेलं असताना सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोके दिल्यावर फिरला, तर ब्रश अडकतायत. हा घरी पोचण्यापुरता उपाय आहे. तापल्यावरच जड फिरणाऱ्या सेल्फमध्ये बुश झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आतल्या बाजूला घासत असतं.

सेल्फ उतरवताना निगेटिव्ह आधी काढलेलीच हवी. जाड वायर कायम जिवंत असते, तिला मध्ये फ्यूज नसतो. खाली शिरावं लागत असेल तर नुसत्या जॅकवर गाडी ठेवून शिरू नका. उतरवलेला सेल्फ शहरातल्या सेल्फ-डायनामोवाल्याकडे द्या. ब्रश, बुश आणि सोलेनॉइडचे काँटॅक्ट एकदमच करून घ्या, एकेकासाठी तीनदा उतरवण्यात शहाणपणा नाही. बेंडिक्स हाताने एका बाजूला मोकळा फिरावा, दुसऱ्या बाजूला अडावा. दोन्हीकडे फिरला तर तो बदला. फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते त्याच खिडकीतून टॉर्चने बघून घ्या.

सातवी: सेल्फ फिरतो, पण पकडत नाही

चावी ऑन करा आणि कार्ब्युरेटरकडे कान द्या. फ्युएल कट सोलेनॉइड (चावी बंद केली की पेट्रोल अडवणारा) असलेल्या कार्ब्युरेटरला "टिक्" ऐकू येते. त्याची वायर निसटली की गाडी आयडलला उभी राहत नाही, ॲक्सिलरेटर दाबून कशीबशी लागते आणि पाय काढला की बंद. कार्ब्युरेटर उघडण्याआधी ही एक वायर बघा.

मग डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची) कॅप काढून सेल्फ मारा. आतला रोटर फिरतो का? इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा हलका आणि वेगवान, आणि रोटर जागेवरच, असं दिसलं तर टायमिंग बेल्ट तुटलेला आहे. हा इलेक्ट्रिकचा दोषच नव्हे. तिथेच सेल्फ मारणं बंद करा.

रोटर फिरत असेल तर टेस्ट लॅम्प कॉइलच्या निगेटिव्हवर लावा, दुसरी क्लिप इंजिनला, आणि सेल्फ मारा.

बल्ब लुकलुकतो: कॉइलच्या आधीचं सगळं काम करतंय. कॉइल, कॅप, रोटर, एचटी वायरी आणि प्लग एवढंच उरलं.

बल्ब सतत पेटलेला: पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे-जोडणारे काँटॅक्ट) जुळत नाहीत किंवा इलेक्ट्रॉनिकवाल्यात मॉड्यूल-पिकअप काम करत नाही. पॉइंट असतील तर पॉलिश पेपरने पुसून गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला, नुसते पॉइंट बदलून ते थांबणार नाही.

बल्ब पेटतच नाही: आता कॉइलच्या पॉझिटिव्हवर लावा. तिथेही अंधार असेल तर फ्यूज, स्विच किंवा वायर. तिथे पेटतो पण निगेटिव्हवर नाही, तर कॉइल आतून तुटली आहे किंवा निगेटिव्ह कुठेतरी बॉडीला लागला आहे. गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर कॉइलच्या निगेटिव्हवर एक जास्तीची बारीक वायर दिसेल, किटच्या स्विचला इंजिन फिरतंय की नाही हे कळावं म्हणून घेतलेली. ती गरम पत्र्याला घासून सोलवटली की ठिणगी पूर्ण मारते. ती काढून बघायला अर्धं मिनिट लागतं.

आणि आता ते मोलाचं लक्षण: सेल्फ मारताना पकडतं, चावी सोडली की मरतं. काही गाड्यांत कॉइलला एरवी रेझिस्टरमधून करंट जातो आणि सेल्फ मारताना थेट. पांढऱ्या चिनीमातीचा तो रेझिस्टर तुटला किंवा चावीच्या स्विचचा ऑन काँटॅक्ट गेला, तर नेमकं असंच होतं. चावी ऑन ठेवून कॉइलच्या पॉझिटिव्हला व्होल्टेज बघितलं की उलगडा होतो. रेझिस्टर काढून थेट वायर जोडणारे महाभाग भेटतात. गाडी लागते, पण कॉइल तापते आणि पॉइंट जळतात.

ठिणगी बघताना प्लग एचटी वायरीत घालून इंजिनला टेकवा, रबरी मुठीच्या पक्कडीने धरा आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. कॉइलच्या मधल्या वायरीला ठिणगी आहे, प्लगला नाही, तर कॅपच्या आत टॉर्च मारा. केसाएवढी काळी रेघ दिसली तर तो तडा आहे, करंट तिथून पळतो. मधलं कार्बनचं बटण झिजलेलं किंवा गायब नाही ना, तेही बघा. एचटी वायरी उलटसुलट झाल्या असतील तर फायरिंगचा क्रम १-३-२.

पहिल्या पावसात बंद पडणाऱ्या गाडीत कॅप आतून पुसून कोरडी केली की बहुतेक वेळा काम होतं. पण तीच गाडी दर पावसात बंद पडत असेल तर कॅप आणि एचटी वायरी नव्या घ्या.

बॅटरी सारखी का उतरते

सगळे जोड नीट केले आणि तरी आठवड्याने बॅटरी उतरते, तर दोनच शक्यता: भरत नाही किंवा गळते.

इंजिन चालू, थोडी रेस, हेडलाइट लावलेले: बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. १३ च्या खाली असेल तर आधी अल्टरनेटर (बॅटरी भरणारा डायनामो) फिरवणारा बेल्ट बघा. अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरभरापेक्षा जास्त दबत असेल तर सैल आहे. मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा चावी ऑन केल्यावर लागतो का, हेही बघा. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट या बल्बमधून मिळत असेल तर बल्ब उडाल्यावर चार्जिंगच सुरू होत नाही, आणि दिवा लागत नाही म्हणून मालक निर्धास्त असतो. १४.८ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. ती गाडी चालवत राहिलात तर बॅटरी उकळते. रोज दोन किलोमीटरची भाजी-शाळा फेरी, पावसाळ्यात वायपर, ब्लोअर आणि हेडलाइट एकत्र: एवढ्यात चांगली बॅटरीही भरून येत नाही.

गळती बघायला सगळं बंद करून, दारं लावून निगेटिव्ह काढा आणि खांब व वायर यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. जुन्या ८०० मध्ये फार काही जागं राहणारं नसतं, ५० मिलिअँपिअरच्या वर आकडा असेल तर एकेक फ्यूज काढत जा. कुठल्या फ्यूजला आकडा पडला ते कळलं की पुढचं सोपं. एकही फ्यूज काढून पडत नसेल तर अल्टरनेटरची जाड वायर सोडा. तिथे पडला तर त्याचे डायोड गळतायत. बाहेरून बसवलेला गाण्याचा टेप आणि मघाची अलार्म सिस्टिम यांची वायर कित्येकदा फ्यूजबॉक्सला वळसा घालून गेलेली असते, ती वेगळी काढून बघा.

धक्का कधी, कधी नाही

धक्क्याने लागली तर ठिणगी आणि पेट्रोल ठीक आहे, दोष सेल्फच्या बाजूला, एवढी माहिती मिळते. दुसऱ्या गिअरला टाकून क्लच सोडा, पहिल्याला झटका बसतो. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर धक्क्याचाही उपयोग नाही, कॉइलला थोडा तरी करंट लागतोच. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा डबा) सक्तीचा झाला. गाडीला तो असेल तर ठिणगीचा दोष असताना पुन्हा पुन्हा धक्का मारू नका, न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो.

इथे थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा

– जळका वास, धूर किंवा हाताला चटका बसेल अशी गरम वायर. निगेटिव्ह काढा आणि गाडी तशीच ठेवा.
– तोच फ्यूज बदलल्यावर दुसऱ्यांदा उडाला. जास्त अँपिअरचा फ्यूज, तांब्याची तार, सिगारेटची चांदी यांतलं काही लावायचं नाही. फ्यूज नाही उडाला तर वायरिंग जळतं.
– बॅटरी फुगलेली, कुजक्या अंड्यासारखा वास, कवचाला तडा.
– उंदरांनी डॅशबोर्डमागचा गुच्छ कुरतडलाय. दोन-चार जोड दिसत असले तरी आतले दिसत नाहीत.
– बोनेटखाली पेट्रोलचा वास येतोय. गळती सापडून बंद होईपर्यंत ठिणगीची कुठलीही तपासणी नाही.
– टायमिंग बेल्ट तुटलेला. हे काम इलेक्ट्रिशियनचं नाही, फिटरचं आहे.
– गाडी एमपीएफआय आहे आणि सेल्फ फिरूनही पकडत नाही. तिथे स्कॅनर असलेलाच माणूस लागतो, टेस्ट लॅम्प ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) वायरींना लावू नका.

बोलावताना त्याला कागदावर एवढंच लिहून द्या: बंद असताना बॅटरीचं व्होल्टेज, सेल्फ मारताना किती, इंजिन चालू असताना किती, आणि अर्थ व पॉझिटिव्ह बाजूचा ड्रॉप. हे चार-पाच आकडे पाहून कामाचा माणूस थेट दोषाकडे जातो. आकड्यांकडे न बघता "आधी बॅटरी बदलू" म्हणणारा भेटला तर दुसरा शोधा.